चाळिसाव्या अक्षरापुढे

२ फेब्रुवारी, रविवार

आज उंबरपाड्यात पेटीचा सत्कार झाला. माझा नाही, पेटीचा. जिवलीबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला, वर लिंबू-मिरची बांधली. निम्मं कुंकू हवेसाठी ठेवलेल्या भोकांतून थेट सर्किटवर पडलं. मी हसऱ्या चेहऱ्याने दात आवळून उभी होते. रितेश कानाशी पुटपुटला, "हार्डवेअर माझं, कुंकू तुझ्याकडे." रितेश माझा भागीदार. तो सर्किट करतो, मी आतला प्रोग्राम लिहिते, आणि काही बिघडलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतो.

पेटीचं काम साधं आहे. डोळखांबच्या वर हा पाडा, खाली ओढ्याकाठी विहीर, वर टेकडीवर टाकी. टाकी रिकामी होत आली की पेटी विहिरीतली मोटर चालू करते, टाकीत दोनशे चाळीस सेंटिमीटर पाणी झालं की बंद करते. मध्येच हवी तर मोटर सांभाळणारा नवशा मोबाईलवरून इंग्रजीत ऑन किंवा ऑफ असा मेसेज टाकतो, पेटी ऐकते. पूर्वी त्याला दर वेळी विहिरीपर्यंत उतरावं लागायचं, आणि तो लग्नाबिग्नाला गेला की बायका हंडे घेऊन उतरायच्या.

पेटीत सिम माझंच जुनं घातलंय. तिकडे त्या एकाच कंपनीची रेंज येते, आणि नव्या सिमचे कागद जमवेपर्यंत पावसाळा उजाडला असता. मी दुसरा नंबर घेतला, सगळ्यांना कळवला, आईला दिला. बाबांना आई देईलच. सध्या आमचं सगळं तिच्यामार्फत चालतं.

बाबांचं शहापूरला मोटर भरायचं दुकान आहे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं. दिवाळीत मी पुण्याची नोकरी सोडून आटगावला परत आले तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मुलगी पुण्याला मोठ्या कंपनीत आहे हे गिऱ्हाइकाला सांगायला त्यांना फार आवडायचं. ते मी काढून घेतलं. ते अडून बसले, मग मीही अडून बसले. एका घरात, एका पंगतीला, "तिला भात वाढ" आणि "त्यांना मीठ दे" असा कारभार चाललाय. आई म्हणते, मी काय पोस्टमन हाय का तुमची?

८ फेब्रुवारी, शनिवार

धसईच्या बाजारात दोन गावांच्या लोकांना पेटी दाखवली. सगळ्यांनी मान डोलावली आणि एकच सांगितलं, उंबरपाड्यात उन्हाळा निघू दे, मग बघू.

घरी आले तर बाबा पडवीत चष्मा कपाळावर चढवून त्यांच्या बटणांच्या मोबाईलशी झुंजत होते. थोड्या वेळाने आई आत आली. "ते विचारतात, मोबाईलवर जोडाक्षर कसं काढायचं?" मी म्हटलं, पहिलं अक्षर, मग पाय मोडायची खूण, मग दुसरं अक्षर. आई बाहेर गेली, परत आली. "खूण कुठं हाय, विचारतात." तीही सांगितली. या वयात बाबांना जोडाक्षरं कोणासाठी हवीत कोण जाणे. तारेच्या व्यापाऱ्याशी भांडण चाललेलं दिसतंय. मी बाहेर खाऊन आले होते, तसं आईला सांगून आडवी झाले.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नवशाचा फोन. "ताई, तुमची पेटी पागल झाली. टाकी भरून व्हाते, तरी बंद व्हायला मागत नाय. रखमीच्या कोंबड्या भिजल्या सगळ्या."

मी सांगितलं, बटण बंद करून परत चालू कर. केलं. पेटी शहाण्यासारखी वागायला लागली. नवशाच्या मते दृष्ट लागली, कारण लिंबू वाळलंय. रितेशच्या मते कुंकू. माझ्या मते रितेशचा पॉवर सप्लाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पेटीची जुळी बहीण माझ्या टेबलावर आहे. तिला चार दिवस पळवलं, तापवलं, वीज झटके देऊन बंद-चालू केली, ऑन-ऑफचे मेसेज पाठवून पाठवून बोटं दुखली. ढिम्म. माझा प्रोग्राम मी वरपासून खालपर्यंत वाचला आणि प्रत्येक ओळ मला आवडली. हेच वाईट लक्षण आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवताना बाबा आईला म्हणाले, "तिला इचार, मोबाईल बघते का नाय?"

आता हाही टोमणा! मी म्हटलं, "त्यांना सांग, दिवसभर तोच बघते. कामच आहे माझं."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच पानात ठेवला. मग उठून पडवीत गेले आणि संध्याकाळपर्यंत मोबाईल हातात धरून बसले. बरं, मोबाईल बघण्यावरून मला बोलायचं आणि स्वतः मात्र हे असं. मला जरा जिंकल्यासारखं वाटलं, आणि मग तेवढं बरंही वाटलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच. टाकी वाहिली, विहीर तळाला गेली. ओढा आटलाय, विहिरीला पाझर कमी, त्यामुळे वाया गेलेलं पाणी दोन दिवस भरून येत नाही. मी पाड्यावर गेले तेव्हा बायका हंडे घेऊन खाली उतरत होत्या. कोणी मला काही बोललं नाही. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

जिवलीबाई पाड्याच्या पाणी समितीच्या अध्यक्ष. ग्रामसभेत त्यांनी माझी हमी घेतली होती, "पोरगी आपल्या आटगावची हाय, पलून नाय जायची." आज त्या एवढंच म्हणाल्या, "बाय, बघ गो काय ता."

प्रोग्राममध्ये नवीन सोय घातली. पेटी आता अधूनमधून स्वतःच्या पोटातले आकडे माझ्या मोबाईलवर पाठवेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! म्हणजे चोर नाही, चोरी सापडली. टाकीची वरची पातळी दोनशे चाळीस, ती काल संध्याकाळी अचानक चौदा हजार सहाशे चाळीस झाली. सेंटिमीटर! म्हणजे पेटी बिचारी टाकी माहुली गडाच्या पाचव्या हिश्शाएवढी उंच समजून... नको, हिशेब नको. नवशाला फोन करून पेटी बंद-चालू करायला लावली, पाणी वाचलं.

हा आकडा मेमरीत एका जागी ठेवलेला असतो. चालू होताना एकदा तिथे लिहिला की पुढे त्याला कोणी हात लावायचं कारण नाही. कोणीतरी लावतंय. माझ्याच प्रोग्राममधली कोणती तरी ओळ शेजारच्या जागेत लिहिता लिहिता हद्द ओलांडतेय. आमच्याकडे भाताच्या बांधावरून भावाभावांत चालतं तेच हे.

आकड्याची संगणकाच्या पद्धतीने दोन शकलं केली तर त्यात ० आणि ९ ही अक्षरं दिसतात. नवशा आपला नंबर आधी शून्य लावून सांगतो, शून्य नऊने सुरू होतो. नवशावर संशय घेऊन त्याच्या नंबराची वाट तपासली. निर्दोष सुटला.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

आज फार वाईट झालं.

उपास होता. बाबांनी दुकानातून रताळी पाठवली होती, आईने उकडली, मी घाईत दोन खाल्ली आणि मुरबाडला सुटे भाग आणायला गेले. तिथे मोबाईलची बॅटरी संपली. त्याच वेळात पेटी पुन्हा बहकली असणार, कारण परत आले तेव्हा नवशाचे सतरा मिस्ड कॉल. नवशा यात्रेला गेला होता, मोटर चालत राहिली, विहीर कोरडी पडली आणि मोटर जळाली. विहिरीतलं पाणी संपलं तर मोटर थांबवायची सोय माझ्या डोक्यात पुढच्या मॉडेलसाठी होती. हे वाक्य लिहितानाही लाज वाटतेय.

जिवलीबाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "शिमग्याला समदी मानसं वीटभट्टीवरनं घरी येतील, पोरंटोरं घेऊन. तवर नीट कर. नायतर पेटी काढून घे बाय. आमी आपलं हातानं चालवू. मी लोकांना किती दिस सांगू?"

पेटी निघाली तर धसईवाले तोंड फिरवतील ते एक. पण जिवलीबाईंनी चारचौघांत माझ्यासाठी शब्द टाकलाय, तो मला जास्त टोचतोय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जळालेली मोटर कुठे येणार? बाबांच्या दुकानात. नवशाने टेम्पोतून आणून टाकली. मला वाटलं आता ऐकवणार. मी तयारीही करून ठेवली होती, म्हणजे उत्तरांची. पण बाबांनी दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही, मोटर भरली, स्वतः पाड्यावर जाऊन सोडून आले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "मोटर चांगली हाय. टिकंल." एवढंच.

मी आईला म्हटलं, "त्यांना सांग, थँक्यू." आई म्हणाली, "तूच सांग. आज टपाल बंद हाय."

मी सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं, पण चार महिन्यांनी पहिला शब्द इंग्रजी कुठे काढायचा.

२ मार्च, रविवार

नाद सोडला. म्हणजे वाचून शोधायचा नाद सोडला. आता पाळत.

प्रोसेसरमध्ये एक सोय असते, वॉचपॉइंट. मेमरीतल्या एका जागेचा पत्ता द्यायचा आणि सांगायचं, इथे कोणीही काहीही लिहिलं की आहेस तिथे थांब, एक पाऊल पुढे टाकू नकोस. मग लॅपटॉपवर दिसतं की नेमक्या कोणत्या ओळीने लिहिलं, काय लिहिलं, कुठून येऊन लिहिलं. माळ्यावर बसून शेताची राखण करतात तसंच, फक्त डुक्कर शेतात पाय ठेवताक्षणी जागच्या जागी गोठतं.

टेबलावरच्या बहिणीवर पाळत लावली. चालू होताना एकदा थांबली, तो माझाच कायदेशीर आकडा, दोनशे चाळीस. पुढे सोड म्हटलं. मग दिवसभर काही नाही.

५ मार्च, बुधवार

टेबलावर जे होत नाही ते पाड्यावर होतं, तर पाड्यावर जावं. मोटरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन दोन दिवस बसले. वॉचपॉइंट लागला तर अख्खी पेटी गोठणार, म्हणून नवशा शेजारी हाताने मोटर बंद करायला तयार. त्याने मला करवंदाची झुडपं, घोरपडीचे उपयोग आणि त्याच्या मेहुण्याची फसवणूक असं सगळं सांगितलं. पेटी मात्र साध्वी. मी बघत असले की ती काही करत नाही.

"चोर वलखीचा असंल," नवशा म्हणाला. "तुमाला बघून लाजतो."

७ मार्च, शुक्रवार

परत येताना डोक्यात आलं. बहिणीत आणि हिच्यात फरक काय? सर्किट तेच, प्रोग्राम तोच. उष्णता, वीज सगळं तपासलं. राहिलं सिम. बहिणीत दुकानातून आणलेलं नवं आहे, हिच्यात माझं जुनं. पण सिमने काय होणार? अनोळखी नंबराचा मेसेज आला तर पेटी वाचून पुसून टाकते. मेसेजला जागा मी एकशे साठ अक्षरांची ठेवलीय, कारण एक मेसेज एकशे साठ अक्षरांचाच असतो. हे कॉलेजातल्या पोरालाही ठाऊक असतं.

तरीही पेटी सिमसकट काढून घरी आणली. नवशा शिमग्यापर्यंत मोटर हाताने चालवेल. जिवलीबाईंनी पेटी जाताना पाहिली आणि पदराने भिंतीवरची धूळ पुसली, जिथे ती होती तिथली.

९ मार्च, रविवार

संध्याकाळी पेटी माझ्या टेबलावर, लॅपटॉपला जोडलेली, पाळत लावलेली. आई चुलीपाशी वालाचं कालवण करत होती. बाबा दुकानातून आले, पडवीत बसले. आत येऊन आईला म्हणाले, "जिवली आली होती दुकानात. शिमग्यापर्यंत बघतील म्हने, मंग नाय." आईने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. बाबा परत बाहेर गेले.

मी भाताला आधण ठेवून आले आणि बसतेय तोच पेटी थांबली. लॅपटॉपवर लाल रेघ. कोणीतरी पातळीच्या जागेत लिहिलं होतं.

ओळ माझी. मेसेज आपल्या जागेत उतरवून घेणारी. आधी सगळा मेसेज घरात घ्यायचा आणि मग कोण पाहुणा म्हणून विचारायचं, असं मी लिहून ठेवलंय, आणि किती मोठा आहे हे तर विचारतच नाही. जागा एकशे साठची, आणि ती एकशे एकसष्टावं अक्षर लिहीत होती. असा मेसेज आला कुठून? मी आलेला मजकूर उघडला. ०९२४०९४२००२००९२८ असे नुसते आकडे, लांबच लांब.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठी! मेसेज मराठीत असला की पेटीतला मेसेज घेणारा मोडेम प्रत्येक अक्षराचे चार आकडे करून देतो, काना-मात्राही वेगळ्या धरून. आपली सगळी अक्षरं शून्य नऊने सुरू होतात. म्हणजे चाळीस अक्षरांपर्यंत मावतं, एक्केचाळिसाव्याला सांडतं, आणि सांडतं ते शून्य नऊ. मी आटगावची, पाड्यावरच्या लोकांसाठी पेटी करते, आणि तिला आजवर एकदाही मराठीत मेसेज पाठवून बघितला नव्हता.

पाठवणाऱ्याचा नंबर खाली होता. मला तो पाठ आहे. शाळेच्या प्रत्येक अर्जावर लिहिलाय मी.

आकड्यांची अक्षरं केली.

"तू नोकरी सोडली त्याचा राग नाही मला सांगितलं नाही त्याचा आहे. जेवून घे"

माझ्या पेटीत मावलं होतं ते इथपर्यंत: "तू नोकरी सोडली त्याचा राग नाही मला सांगि". पुढचं सगळं सांडलं.

मी खिडकीतून पाहिलं. बाबा पडवीत बसले होते, मोबाईल गुडघ्यावर, चष्मा कपाळावर, आणि त्याच्याकडे बघत होते. उत्तराची वाट बघत होते. किती दिवस बघतायत? दिवाळीत मी नोकरी सोडल्याचं त्यांना आमच्याच गावच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं, ते मला माहीत होतं. मला ते एवढं मोठं वाटलंच नव्हतं. आणि आधीचे मेसेज? ते पेटीने वाचून पुसले. तीही ओळ माझीच.

मग मी पेटी पुढे सोडली आणि तिच्यातूनच उत्तर पाठवलं, त्यांच्या मोबाईलमध्ये भाविका म्हणून जो नंबर आहे त्यावरून. "बाबा हा एकच पोचला. आधीचे मला मिळालेच नाहीत." पडवीत टिंग वाजलं. बाबांनी चष्मा खाली घेतला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिथूनच आईला हाक मारली.

"तिला सांग, कालवण गार होतंय."

आई चुलीपाशी काही हलली नाही.

"नाय, ऱ्हाऊ दे. मीच सांगतो."

आणि दारात येऊन उभे राहिले. "भाविके, जेवायला चल गो. कालवण गार होतंय." कालवण अजून चुलीवर खदखदत होतं, ते आम्हा तिघांनाही दिसत होतं.

जेवताना सगळं उलगडलं. आईला वाटलं नवा नंबर मी दिला असेल. मला वाटलं आईने. बाबांना वाटलं मी वाचून गप्प बसते. अबोल्यात बोलायचं नसतं, पण लिहायला हरकत नाही, असा त्यांनी स्वतःपुरता नियम काढला होता.

"म्हंजे इतके दिस मी मोटरीला लिवत होतो?" बाबा म्हणाले. "जन्मभर मोटरी भरल्या, आता त्यांना टपाल पन धाडलं."

आई एवढी हसली की तिला ठसका लागला.

मी विचारलं, आधी काय काय लिहिलं होतं? म्हणाले, गेलं ते गेलं. खूप खोदल्यावर एकच सांगितलं. शिवरात्रीला, रताळी गोड निघाली का, उपासाला आणखी पाठवू का, असं विचारलं होतं. म्हणजे मोटर रताळ्यांनी जाळली. बाबांचा चेहरा उतरला. "माझ्यामुलं जलली?"

"नाही बाबा. माझ्यामुळे. तुमच्या मेसेजला मी जागाच ठेवली नव्हती."

त्यांनी माझ्या ताटात कालवणाचा आणखी एक डाव ओतला.

१० मार्च, सोमवार

दुरुस्ती चार ओळींची. आधी पाहुणा कोण ते विचारायचं, मग किती मोठा ते विचारायचं, मावत असेल तरच घरात घ्यायचं. जागाही मोठी केली. विहीर कोरडी पडली की मोटर बंद, हेही घातलं. पुढचं मॉडेल आजच आलं म्हणायचं. रितेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे कुंकू निर्दोष?" मी त्याच्या पॉवर सप्लायचीही माफी मागितली.

पेटीला एक नवीन उत्तरही शिकवलं, मराठीत. ओळखीच्या नंबरावरून हुकूम सोडून दुसरंच काही आलं तर ती आता गपचूप पुसत नाही. "समजलं नाही, पुन्हा पाठवा" असं कळवते. ओळखीच्या नंबरांत बाबांचा नंबर घातला. नवशा आजारी पडला तर कोणी तरी हवं, असं मी रितेशला कारण सांगितलं.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी. वीटभट्टीवरची माणसं उतरायला लागलीत, पाड्यात घरोघर आवाज. पेटी लावायला मी, रितेश आणि बाबा गेलो. बाबा म्हणाले, मोटर बघायला येतो. मोटर त्यांनी बघितली नाही.

जिवलीबाईंनी पेटीला पुन्हा कुंकू लावलं. पुन्हा निम्मं आत गेलं. मग हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "आता दाव. सगल्यांसमोर दाव."

खरी परीक्षा एकच होती. मी लॅपटॉप जोडला, पातळीच्या जागेवर पाळत लावली आणि म्हटलं, "बाबा, मेसेज पाठवा. मराठीत. चाळीस अक्षरांच्या पुढे जायला हवा."

"काय लिवू?"

"काहीही. पण मोठं लिहा."

बाबा आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. फार वेळ घेतला. नवशाने दोनदा विचारलं, रेंज नाय का? शेवटी त्यांनी बटण दाबलं. पेटीचा हिरवा दिवा लुकलुकला. लाल रेघ आली नाही. पातळी दोनशे चाळीस. टाकी भरली आणि मोटर आपणहून बंद झाली, आणि त्या शांततेत जिवलीबाई बाहेरच्या बायकांना ओरडून म्हणाल्या, "बग! बोलली व्हती ना मी!"

माझं तिकडे लक्ष नव्हतं. मेसेज माझ्या पडद्यावर आला होता, या वेळी अख्खा.

"माझी मुलगी मोटर चालवायची पेटी करते असं मी गिऱ्हाइकांना सांगतो."

बाबांच्या मोबाईलवर टिंग वाजलं. त्यांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नाय समजलं म्हनते. पुन्हा पाठवा म्हनते."

"बाबा, ते ती सगळ्यांनाच..."

"ऱ्हाऊ दे. पाठवतो पुन्हा."

मला रडू आलं. जिवलीबाईंनी विचारलं तर मी म्हटलं, डोळ्यात कुंकू गेलं. बाबांनी तोच मेसेज एकूण तीनदा पाठवला, मी काही थांबवलं नाही. पातळी तिन्ही वेळा दोनशे चाळीसच होती.